साल कोणतं? मिरवणुकीत मावळे उभे करणाऱ्या मंडळांना एका शिंप्याचं खुलं पत्र

प्रति,
शिवजयंतीच्या मिरवणुका, राज्याभिषेक दिनाचे सोहळे आणि गडांवरचे देखावे करणारी सगळी मंडळं, त्यांचे अध्यक्ष, खजिनदार आणि रात्री अकराला दुकानाचं शटर वाजवणारे कार्यकर्ते यांना,

सप्रेम जय शिवराय.

मी वाईत शिलाईचं दुकान चालवतो. वडिलांनी तमाशाच्या फडांचे आणि हौशी नाटकमंडळ्यांचे कपडे शिवले. मी ड्रेपरी भाड्याने द्यायला लागलो त्याला आता सव्वीस वर्षं होतील. गॅदरिंगचे वासुदेव आणि कोळी डिसेंबर-जानेवारीत जातात, पण दुकान चालतं ते फेब्रुवारीवर, म्हणजे तुमच्यावर. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यात मी माझ्याच गल्ल्यावर पाय देतोय.

सतरा फेब्रुवारीची रात्र होती. शटर अर्धं खाली ओढलं होतं, तेवढ्यात दोन पोरं वाकून आत आली.

"काका, शंभर मावळे पाहिजेत."

"कधी?"

"परवा सकाळी सातला."

"साल कोणतं?"

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. एक म्हणाला, "महाराजांचंच की."

"महाराजांचं, पण कोणतं? प्रतापगडाचं का राज्याभिषेकाचं? मध्ये पंधरा वर्षं आहेत."

दुसरा जरा हुशार होता. म्हणाला, "काका, भगवं सॅटिन द्या. ड्रोनमधून भारी दिसतं."

मी दिलं. आधीपासून शिवून ठेवलेलेच होते. शंभर अंगरखे, सगळे एका मापाचे, सोनेरी लेस लावलेले, पाठीला व्हेल्क्रो, कमरेला इलॅस्टिक. मुद्दा तुमचा चुकतो तसा माझाही चुकतो. सव्वीस वर्षांत मी जेवढे मावळे शिवले त्यातला एकही खऱ्या मावळ्याने ओळखला नसता. बहुधा त्याने मला विचारलं असतं, ही कोणत्या देवळाची पालखी निघाली?

तर मूळ गोष्ट. तुम्ही मागता तो गणवेश आहे आणि मावळ्याला गणवेश नव्हता. तो मावळातला कुणबी-कोळी, नांगर धरणारा माणूस. पाऊस सरला, दसरा झाला की फौज मुलखातून बाहेर पडायची. बारगिराला घोडा सरकारातून मिळायचा, शिलेदार स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन यायचा. अंगावरचं मात्र ज्याचं त्याने आणलेलं. बायकोने टाका घातलेलं, थोरल्या भावाचं उतरलेलं, कुठल्या लढाईनंतर हाताला लागलेलं. शंभर माणसं उभी केली तर शंभर तऱ्हा दिसायला हव्यात. एखाद्याचं पागोटं विटकं, एखाद्याची बंडी काखेत उसवलेली, एखादा नुसत्या धोतराचा काचा मारून खांद्यावर घोंगडी टाकलेला. जॉन फ्रायर नावाचा इंग्रज डॉक्टर 1670 च्या दशकात इकडे होता. महाराजांची माणसं हाल सोसायला, भराभर मजल मारायला आणि चैनीशिवाय राहायला सरावलेली आहेत, म्हणून लढाईला जास्त लायक आहेत, असं त्याने लिहून ठेवलंय. त्या माणसांना आपण सॅटिन घालतो.

सॅटिन सुरतेहून येतं. सुरतेहून माल आणायची आपली रीत जुनीच आहे म्हणा, फक्त आता जीएसटीसकट बिल भरून आणतो.

सॅटिनवर माझा राग नुसता दिसण्यावरून नाही. तीन वर्षांपूर्वी एका मंडळाच्या मिरवणुकीत पलित्याची ठिणगी पडली आणि बारावीतल्या एका पोराच्या दंडावर बाही वितळली. मंडळाचं नाव घेत नाही, कपडा माझ्याच दुकानचा होता. बाही जळाली असं लोक म्हणाले. ती जळाली नव्हती, वितळून कातडीला चिकटली होती. डॉक्टरांना चिमट्याने सोडवावी लागली. तेव्हापासून मी काउंटरवर लायटर ठेवतो. गिऱ्हाईक आलं की दोन धागे काढून पेटवून दाखवतो. सुताचा धागा भुरकन जळतो, जळक्या कागदासारखा वास येतो आणि बोटात नुसती राख राहते. पॉलिस्टरचा धागा आकसतो, त्याचा काळा कडक मणी होतो आणि तो मणी बराच वेळ गरम राहतो. शिवज्योत घेऊन गडावरून धावत येणाऱ्या पोरांच्या अंगात काय आहे ते एकदा अध्यक्षांनी स्वतः हात लावून बघावं. सुती कपडाही पेट घेतो, नाही असं नाही, पण तो काढून फेकता येतो.

आता पोशाख कसा होता ते कळायला मार्ग आहे का? आहे, थोडा. आणि तो आमच्याच जिल्ह्यातून जातो. ग्रँट डफ हा कंपनीचा अधिकारी 1818 नंतर साताऱ्यात होता. त्याचा मराठ्यांचा इतिहास 1826 साली छापला गेला. त्यात मराठा स्वाराचा पोशाख दोन-तीन वाक्यांत आहे: गुडघा झाकेल इतकीच हलकी तंग तुमान, डोक्याला पागोटं आणि त्याचा एक फेर बरेच जण हनुवटीखालून घेत, अंगात कापूस भरून टाचलेली बंडी, कमरेला शेला आणि तलवार पट्ट्याला न अडकवता त्या शेल्यातच खोचलेली. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा कातर खाली ठेवली. यातली प्रत्येक गोष्ट शिंप्याला पटते. घोडा भरधाव सुटला की पागोटं उडणार, म्हणून फेर हनुवटीखालून. कापूस भरून जवळजवळ टाचे घातलेली बंडी वार थोडा तरी अडवते, थंडीत ऊब देते. तंग तुमान रिकिबीत अडकत नाही. आमच्या घोळदार सुरवारी घालून तुमच्या पोरांनी खऱ्या घोड्यावर बसून दाखवावं.

डफने लिहिलं ते महाराजांच्या काळानंतर दीडशे वर्षांनी, हे विसरून चालत नाही. त्याने बघितलेला स्वार पेशवाईच्या अखेरचा. म्हणून तर मी साल विचारतो.

तुमचा सगळ्यात आवडता देखावा घ्या, अफजलखानाचा. खानाची छावणी आमच्या वाईलाच होती, त्यामुळे गावात दर वर्षी दोन-तीन मंडळं तरी हा देखावा करतातच. कपडे माझ्याकडूनच जातात. महाराजांना जिरेटोप, गुडघ्याखाली जाणारा मखमली अंगरखा, गळ्यात मोत्यांच्या सहा माळा, पायात चढाव. आता कृष्णाजी अनंत सभासदाची बखर उघडा. त्याने ती जिंजीला, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून, 1697 च्या सुमारास लिहिली. 10 नोव्हेंबर 1659 च्या त्या भेटीला महाराज काय घालून गेले ते त्याने शिंप्याच्या वहीसारखं लिहिलंय: अंगात जरीची कुडती, डोईला मंदिल, म्हणजे जरीचं पागोटं, आणि त्याला तोडा बांधलेला, पायांत चोळणा, म्हणजे तुमान, घालून कास कसलेली, हातात बिचवा, म्हणजे छोटी वाकडी कट्यार, आणि वाघनख. बरोबरच्या जिवा महालाजवळ पट्टा, फिरंग, म्हणजे सरळ पात्याची तलवार, आणि ढाल, संभाजी कावजीजवळही तेच. यात मखमल कुठे आहे? मोत्यांच्या माळा कुठे आहेत? झटापट होणार हे ओळखून माणूस जसा आवरून बसतो तसा हा पोशाख आहे. आखूड कुडती, आखूड चोळणा, कास घट्ट. आपण त्यांना लग्नातल्या नवरदेवासारखं सजवून पाठवतो.

व्हेल्क्रोचं तर सांगूच नका. दोन वर्षांपूर्वी एका देखाव्यात खानाने मिठी मारली, कॉलर माइक चालू होता, आणि सबंध चौकात चर्रर्र असा आवाज गेला. महाराजांचा अंगरखा पाठीत उघडला होता. लोकांना वाटलं वाघनखाचा आवाज आहे, टाळ्या पडल्या. मी मागे उभा राहून मान खाली घातली.

व्हेल्क्रो नाही तर काय? बंद. बाराबंदीला बंद किती हे तिच्या नावातच आहे. काज-बटण, चेन, हूक यातलं काही नाही. एकाच कापडाच्या चिंचोळ्या पट्ट्या दुमडून, टाचून केलेले बंद, काही आतल्या पल्ल्याला, काही बाहेरच्या. बांधायला दोन मिनिटं लागतात आणि तुमच्या पोरांना तीही नको असतात. पण बंद कुठे बांधायचे यातही गंमत आहे. मोगल काळातली चित्रं नीट बघितली तर जाम्याचे, म्हणजे लांब घेरदार अंगरख्याचे, बंद हिंदू माणसाच्या डाव्या बगलेखाली आणि मुसलमान माणसाच्या उजव्या बगलेखाली दिसतात. बाकी जामा तोच, घेर तोच, कळ्या त्याच. विजापूरच्या चित्रांतले सरदार झुळझुळीत पांढऱ्या मलमलीत आणि जरीच्या पटक्यात दिसतात. महाराजांची त्यांच्या काळातली किंवा लगोलग नंतरची जी चित्रं परदेशी संग्रहालयांत आहेत, त्यांतही जामा, पटका आणि तुरा लावलेली पगडी आहे. सगळी दख्खनची माणसं, कापड एकाच बाजारातलं. तुम्ही मात्र खानाला हिरवं वेल्वेट आणि आपल्याला भगवं सॅटिन सांगता, म्हणजे लांबून दोन कबड्डीचे संघ कळावेत तसं. मी यापुढे दोघांनाही पांढरी मलमल देणार आहे. फरक बघायचा असेल त्याने जवळ येऊन बंद बघावेत.

रंगाचा विषय निघालाच आहे तर थोडं थांबतो, कारण माझं अर्धं डोकं त्यातच असतं. विल्यम पर्किनने पहिला रासायनिक रंग काढला तो 1856 साली. त्याआधीचा कापडाचा जवळजवळ प्रत्येक रंग झाडापासून, मुळापासून, किड्यापासून किंवा मातीपासून आलेला. आपल्याकडे लाल यायचा आलीच्या मुळांपासून, निळा निळीपासून, पिवळा हळदीपासून. केशरी-गुलाबी छटा कुसुंब्याच्या, म्हणजे आपल्या करडईच्या फुलांपासून. कुसुंबा दिसायला देखणा, पण उन्हात टिकत नाही. मी घरी करून बघितला. सोलापूरकडून करडईची वाळलेली फुलं मागवली, मांजरपाटाचा दीड हात तुकडा रंगवला आणि गच्चीवर वाळत टाकला. पहिल्या दिवशी असा रंग की बायकोने ओढणीसाठी मागितला. आठवड्याने उन्हाच्या बाजूचा भाग फिकट शेंदरी झाला आणि घडीच्या आतला तसाच राहिला. तो तुकडा मी दुकानात टांगून ठेवलाय. मोहिमेवर महिनाभर उन्हात फिरलेलं पागोटं त्या तुकड्यासारखं दिसलं असणार, वर विटलेलं आणि पिळाच्या आत ताजं. आणि बहुतेकांचं तर रंगवलेलं नसणारच, कोऱ्या कापडाचा मळका पांढरा. शंभर पोरांच्या डोक्यावर ट्रॅफिकच्या कोनसारखा चमकणारा भगवा फेटा ही आपल्या काळाची गोष्ट आहे. झेंडा भगवा होता म्हणून शिपायाची बंडीही भगवी होती असं होत नाही.

फेट्यावरून आठवलं. पुणेरी पगडी घातलेला मावळा आता कोणीही मागू नका. त्या पगडीला 2009 साली भौगोलिक मानांकन मिळालं, चांगली गोष्ट आहे, पण ती तानाजीच्या डोक्यावर चढवली तर कोंढाणा कसा चढणार? शिंदेशाही, होळकरशाही पगड्या पुढच्या शतकातल्या. 1630 ते 1818 हा जवळजवळ दोनशे वर्षांचा काळ आहे. तुमचा पणजोबा आणि तुम्ही एका कपड्यात दिसत नाही, मग ती माणसं कशी दिसतील?

आणि प्रत्येक सालाला वेगळी गोष्ट सांगता येते. पानिपताचा देखावा करणारी मंडळं दर वर्षी जानेवारीत येतात आणि चिलखतं मागतात. चिलखतं म्हणजे सुतळी जाड सुयांवर विणून वर चंदेरी स्प्रे मारलेली. ती वडिलांची युक्ती, अजून चालते. मी त्यांना म्हणतो, आमच्या वाईशेजारी मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आहे, त्या वाड्याच्या धन्याची गोष्ट करा. नाना तेव्हा कोवळा पोरगा होता. 14 जानेवारी 1761 ला सगळं उधळल्यावर तो पानिपत गावात पोचला, कोणाच्या तरी सांगण्यावरून अंगावरचे कपडे काढून टाकले आणि लंगोटीवर निघाला. हे त्याने स्वतःच आपल्या आत्मचरित्रात लिहिलंय. उत्तरेतली जानेवारीची थंडी आणि पेशव्यांच्या घरी वावरलेला हा पोरगा एका लंगोटीवर. पानिपत दाखवायला यापेक्षा स्वस्त आणि यापेक्षा खरी ड्रेपरी नाही. अजून एकाही मंडळाने ती घेतलेली नाही. लंगोटीला लेस लावता येत नाही, म्हणून असेल.

ज्यांना गणवेशच हवा असेल त्यांच्यासाठीही साल आहे. पानिपतावर इब्राहिमखानाच्या गारद्यांची कवायती पायदळं होती. पुढे महादजी शिंद्यांनी द बॉयन या युरोपियन अधिकाऱ्याकडून पलटणी उभ्या करून घेतल्या. एका ओळीत चालणारे, एका हुकमावर बंदुकीचा बार टाकणारे शिपाई मराठ्यांकडे आले ते असे. त्यांना एकसारखे कपडे द्या, मी रात्रभर बसून शिवतो. पण मग ढोल-ताशाच्या तालावर नाचत नेऊ नका, पावलं एकत्र पडली पाहिजेत. ते शिकवायला महिना जातो, विचारून बघा कुणा निवृत्त सुभेदाराला.

"काका, लोकांना काय कळतंय?" हे मला दर वर्षी ऐकायला मिळतं. खरं आहे, एकदा चुकीचं डोळ्यांत बसलं की वर्षानुवर्षं निघत नाही. इब्राहिमखान नावाच्या (गारद्यांचा तो नव्हे) भलत्याच माणसाचं चित्र महाराजांचं म्हणून छापलं जायचं, लोक त्याला हार घालायचे. इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्र्यांनी शोध घेऊन 1933 साली खरं चित्र पुढे आणलं, तोवर कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. तुमच्या मिरवणुकीचे व्हिडिओ आज लाखांनी बघितले जातात. शाळेतली पोरं त्यावरून मावळा काढतात. माझ्या नातवाने काढलेल्या मावळ्याच्या पाठीला चौकोनी खूण होती. ही काय रे, म्हटलं. "व्हेल्क्रो," म्हणाला.

सगळंच खात्रीने कळत नाही, हे मलाही मान्य. त्याचीही लाज वाटायचं कारण नाही. 2024 च्या जुलैत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातलं वाघनख साताऱ्याला आलं, तेव्हा आम्ही सगळे सकाळपासून रांगेत होतो. तेही ग्रँट डफच्याच घराण्याकडून तिकडे गेलेलं. पण ते महाराजांनी खानावर चालवलेलंच आहे अशी खात्री देता येत नाही, हे त्या संग्रहालयाने स्वतःच सांगितलं होतं. एवढी मोठी संस्था काचेच्या पेटीशेजारी असं सांगू शकते, तर आपल्या ट्रॅक्टरवर एक फ्लेक्स लावायला काय हरकत आहे? साल अमुक. पोशाख सभासदाच्या वर्णनावरून. पागोट्याची बांधणी डफवरून. पादत्राणं अंदाजाने. चार ओळी पुरेत. नेत्यांचे फोटो थोडे बारीक करा, जागा होते.

आता तर जग बघायला येतंय. 2025 च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. त्यातले अकरा आपल्याकडचे आणि बारावा तामिळनाडूतला जिंजी, जिथे सभासद लिहायला बसला होता. परदेशात लढायांचे असे देखावे करणारी माणसं मी व्हिडिओत बघतो. एकेक जण वर्षभर एकच कोट हाताने शिवतो आणि दुसऱ्याचं एक बटण चुकलं तर त्याची टर उडवतो. अमेरिकेतल्या यादवी युद्धाचे देखावे करणाऱ्यांत तर असल्या चुकीच्या वेषातल्या माणसाला एक खास शिवी आहे, 'फार्ब'. मला ती टोकाची मंडळी वाटतात, खरं सांगायचं तर. बाहीचे टाके मोजत बसून लढाई विसरायची, हेही काही बरं नव्हे. पण त्यातला कोणी रायगडावर आला आणि त्याने आपल्या मावळ्याच्या बाहीला हात लावला, तर मला कुठल्या बुरजाआड लपायचं ते आधी बघून ठेवावं लागेल.

पैशाचं बोलू. सॅटिनचा मावळा मी दिवसाला अडीचशे रुपये भाड्याने देतो. जाड्याभरड्या सुती कापडाची बंडी, चोळणा, पागोट्याचं कापड आणि शेला असा एक जोड शिवायला मला अठराशेच्या आसपास खर्च येतो, हातशिलाई धरून. महाग वाटतं, पण तो एका पोराने एकदा घ्यायचा आणि वर्षानुवर्षं वापरायचा. दर वर्षी तो जास्त खरा दिसतो, कारण जुना होतो. सॅटिन जुनं झालं की फक्त घाण दिसतं. शंभर जोड एका वर्षात होणार नाहीत. वीस करा. वीस माणसं नीट उभी राहिली तरी शंभरांवर भारी पडतात, आणि हे महाराजांच्या फौजेला सांगायची गरज पडली नसती. एक अट आहे, ऑर्डर गणपतीच्या आधी द्यायची. सतरा फेब्रुवारीला आलात तर मी सॅटिनच देणार. मग तक्रार करायची नाही.

आणि येताना घरातल्या आज्जींना विचारून या. जुन्या लुगड्याच्या दंडाचा शेला होतो, धुवट धोतराचं पागोटं बांधता येतं. एका पोराने त्याच्या पणज्याची घोंगडी आणली होती, एका टोकाला कसर लागलेली. त्या वर्षी मिरवणुकीत लोक थांबून फक्त त्याच्याकडे बघत होते.

शेवटचं एक मागणं आहे. सभासदाने घोडदळाची रचना सांगताना लिहिलंय की पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, आणि पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. पाणी देणारा आणि नाल ठोकणारा. त्या ओळीत शिंपी नाही, याचं मला थोडं वाईट वाटतं, पण ते असो. तुमच्या मिरवणुकीत मी सव्वीस वर्षांत चारशे सरदार, हजारो तलवारी आणि एकवीस महाराज बघितले. पखालजी एकही बघितला नाही. पखालजी व्हायला पोरगा तयार होत नाही. "काका, माझा फोटो कसा येणार?" म्हणतो. फेब्रुवारीच्या उन्हात चार तास चालून तीच पोरं चक्कर येऊन माझ्या दुकानाच्या पायरीवर बसतात, सॅटिन घामाने पाठीला चिकटलेलं असतं, आणि पाणी मागतात. प्लॅस्टिकच्या बाटल्या मागे रस्त्यावर पडलेल्या.

म्हणून मंडईमागच्या एका म्हाताऱ्या चांभारबाबांना धरून मी या उन्हाळ्यात एक पखाल करून घेतली. आतून जाड कॅनव्हास, बाहेरून कातडं, तोंडाला दोरी. बैलाच्या पाठीवर दोन्ही अंगांनी बसते, बैल आमच्या बावधनच्या पाहुण्यांकडून मिळेल. दोन दिवस भरून ठेवली, कोपऱ्यातून थोडी पाझरते, तेवढी पाझरायचीच. भाडं घेणार नाही. कोणत्याही मंडळाचा असो, ती घेऊन चालणारा एक पोरगा पाठवा. अंगात सुती बंडी हवी, बाकी मी बघतो.

आपला,
वाईचा शिंपी